भागामावशीचं बरं असणं

फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये काचपट्टीवरच्या पांढऱ्या पेशी मोजत होते. आमच्या लॅबमध्ये फोन नाही, खालच्या मेडिकल स्टोअरमध्ये आहे. दुकानाच्या मालकांनी जिन्यातून हाक मारली, "सुमनताई, पेणवरून फोन." खाली गेले. माझा मावसभाऊ अनंता होता. "आय गेली सकाळी," एवढंच म्हणाला. त्यावर मी जे बोलले ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात. कधी, कशी, असं काही मी विचारलं नाही. मी म्हणाले, "पण तिचे रिपोर्ट तर सगळे नॉर्मल होते..." पलीकडे अनंताच्या मागे हायवेवरच्या गाड्यांचा आवाज येत होता. तो म्हणाला, "ये तू," आणि त्यानं फोन ठेवला. मी वर गेले, सूक्ष्मदर्शकाशी बसले आणि राहिलेल्या पेशी मोजून, आकडा लिहून, मगच पर्स उचलली. त्या वेळी मी असं का केलं ते मला कळलेलं नाही. सात आठवडे झाले, या सगळ्या प्रकारातलं बरंचसं मला अजून कळलेलं नाही, आणि लिहायला बसल्यावर तरी कळेल अशी एक आशा आहे.

भागामावशी माझ्या आईची थोरली बहीण. भागीरथी हे तिचं नाव मतदार यादीत होतं, एरवी ती सगळ्यांची भागा. पेणच्या खाडीकाठच्या एका गावात तिचं घर होतं. चार महिने खाऱ्या जमिनीत भात आणि उरलेले आठ महिने मिठागर, असं तिचं आयुष्य गेलं. नवरा लवकर गेला. माझी आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि त्यानंतरच्या सगळ्या मे महिन्यांच्या सुट्ट्या मी मावशीकडे काढल्या. उन्हं डोक्यावर यायच्या आत ती मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहून ढिगावर रिकाम्या करायची, आणि दुपारी घरी येऊन आधी पायांवर पाणी ओतायची. मिठानं तिच्या टाचा फाटून त्यांत बारीक भेगांची जाळी झाली होती. मी त्या भेगांना खोबरेल लावून द्यायची. "दुखतंय काय गो?" असं विचारलं की म्हणायची, "दुखतंय की. पाय हायेत तर दुखतीलच." तिच्या बोलण्यात तक्रार नसायची. आज भरती किती वाजता आहे ते सांगावं, तसं ती सांगायची.

मला आठवतंय तेव्हापासून तिच्या मनात दुखणं आणि आजार यांची दोन वेगळी गाठोडी होती. गुडघे, कंबर, थंडीतला खोकला, डोळ्यांवर यायला लागलेला पडदा, हे सगळं पहिल्या गाठोड्यात. ते कामाबरोबर येतं, माणसाच्या अंगावर राहतं, त्याला काही म्हणायचं नसतं. आजार म्हणजे ज्यानं माणूस भाकरी बाजूला सारतो आणि हाक मारली तर ओ देत नाही. तसा आजार तिला कधी झाला नव्हता. त्यामुळे कुणीही तब्येत विचारली की ती म्हणायची, "बरी हाय मी." खोकत खोकत म्हणायची. मी लहान असताना मला ते खरं वाटायचं. पुढे मी शिकले, रक्त-लघवी तपासायचा कोर्स केला, रोह्याला एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये लागले, लग्न होऊन जवळच्या वरशाला राहायला गेले, आणि मला ते खोटं वाटायला लागलं. मावशीला मात्र माझ्या नोकरीचं फार अप्रूप. गावात सांगायची, "आमची सुमन रगत वाचते." पोथी वाचते म्हणावं तसं.

मी नोकरीला लागल्यावर, एक्क्याण्णव साली असेल, तिला पहिल्यांदा रोह्याला आणलं. बळेच. ती आली ती सकाळी मिठागरावर पाट्या टाकून, दुपारच्या एसटीनं. मी तिच्या बोटाला सुई टोचली, नळीत रक्त घेतलं आणि रंग जुळवायला थेंब थेंब पाणी टाकायला लागले. आमच्या त्या पद्धतीत रक्ताचा रंग शेजारच्या तपकिरी काचेशी जुळेपर्यंत पाणी घालत जायचं, जितकं जास्त पाणी लागेल तितकं रक्त चांगलं. मावशीचं रक्त चार थेंबांतच काचेपेक्षा फिकं पडलं. माझा हात चुकला असेल म्हणून मी दुसऱ्या बोटाला टोचलं. पुन्हा तेच. मी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, या पेशंटला दाखल करा, एवढ्या रक्तावर ही बाई चालतेय कशी? मी बाहेर येऊन बघितलं, तर ती बाकावर बसलेल्या एका पोटुशा पोरीला उठताना हात देत होती.

"मावशे, तुज्या अंगात रगातच नाय," मी म्हटलं. तिच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप गावची व्हायची.

"मंग आता काय तू पानी काडलास?"

"चेष्टा नाय. कागदावर लिवलाय बग. तू आजारी हायस."

तिनं कागद हातात घेतला, उलटा धरला, सरळ धरला. "मंग या कागदाला दे औषद," म्हणाली. "मना भूक लागलेय."

दाखल व्हायला ती तयार झालीच नाही. लोहाच्या गोळ्या मात्र घेऊन गेली, आणि मी महिन्याभरानं गावी गेले तेव्हा डबा रिकामा. मला इतका आनंद झाला. मग शेजारची सुमती नावाची बाळंतीण सांगून गेली की त्यातल्या निम्म्या गोळ्या मावशीनं तिला दिल्या होत्या. मी चिडले. मावशीला माझ्या चिडण्याचं कारणच समजेना. "तिना जास्त गरज हाय. ती पाजतेय पोराला. मी काय, बरी हाय." मी तिला समजावलं की तुझं रक्त तिच्याहून कमी आहे. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि मला कोलंबीचं कालवण वाढलं. पुढच्या वेळी मी दोन डबे नेले. त्यांतल्याही किती गोळ्या तिच्या पोटात गेल्या देव जाणे. तरी दोन वर्षांत तिचं रक्त हळूहळू वाढलं. मी ते माझ्या गोळ्यांच्या नावावर लावलं. ती म्हणायची, त्या साली वाल चांगला आला होता म्हणून. तेव्हा मी हसले होते...

पंच्याण्णवच्या पावसाळ्यात खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं. भात गेलं. मिठागर त्याच्या आधीच मालकानं बंद करत आणलं होतं. अनंता पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगाचं काम करायचा, त्यानं रामवाडीत एक खोली भाड्यानं घेतली आणि आईला तिथे नेलं. मला फार बरं वाटलं. म्हटलं, सुटली. आता उन्हात पाट्या नाहीत, मीठ नाही, हायवेच्या पलीकडे दवाखाना आहे. मावशीनं आठवड्याभरात काम शोधलं. दोन घरं सोडून एक काकू पोह्याचे पापड करून बाजारात द्यायच्या, त्यांच्याकडे ती लाटायला बसायला लागली. सावलीत, पाटावर, चार बायकांच्या गप्पांत. मी दर दोन-तीन महिन्यांनी जायचे, कधी तिचं रक्त घेऊन यायचे. आकडे सुधारत होते. साखर थोडी वर होती ती खाली आली. खोकला गेला. डोळ्याचं ऑपरेशन शिबिरात झालं. पहिली पट्टी काढली तेव्हा ती अनंताला म्हणाली, "कवरा बारीक झालायस रं तू."

आणि याच तीन वर्षांत, मी आता आठवून बघते तेव्हा लक्षात येतं, तिचं "बरी हाय" कमी होत गेलं होतं. तिनं कधी आजारी आहे असं म्हटलं नाही. पण मी विचारलं की ती थोडं थांबायची आणि म्हणायची, "हाय तशी हाय." किंवा, "बसून बसून आंग दुसऱ्याचा झाल्यासारखा वाटतंय." एकदा मला म्हणाली, "पाट्या व्हायचे तवा मना समजायचा, आज किती दम हाय. आता समजतच नाय." मी तिला सांगितलं की वय झालं, आता दम कशाला बघायचा, आराम कर. तिनं वाद घातला नाही. तिच्याकडे तिचं मापच उरलं नव्हतं, असं मला आज वाटतं. पण हेही मी आता, ती गेल्यावर, मागून जोडत असेन. तेव्हा माझ्यापुढे कागद होते आणि कागद चांगले होते.

या मे महिन्याच्या सुरुवातीला, एका मंगळवारी, मी सॅम्पल घेत होते. सकाळची वेळ, बाकावर दहा-बारा माणसं. नाव पुकारायला मान वर केली तर रांगेत शेवटी मावशी बसलेली. न कळवता, एकटी, पहिल्या एसटीनं आलेली. रोह्याला ती माझ्याशिवाय कधीच आली नव्हती. मी उठून गेले.

"काय झालं? अनंता कुठे आहे?"

"तो कामाला गेलाय. तू तुजा काम कर. माजा नंबर आला का बग."

नंबर आल्यावर ती माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि स्वतःच बाही वर सारली. म्हणाली, "सुमन, मना बरा नाय. बग."

सत्तरीच्या आसपासचं तिचं आयुष्य, त्यातली निदान तीस वर्षं मी बघितलेली. हे वाक्य मी तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी विचारलं, "कुठे दुखतंय?" ती म्हणाली, "दुखत कायपन नाय." "चक्कर येते? छातीत धडधड? जेवण जातं का?" "जेवतंय." "झोप?" "झोपतंय." "मग काय होतंय?" तिनं माझ्याकडे बघितलं. ती सांगायला शब्द शोधत होती, ते मला दिसत होतं. "बरा नाय," ती पुन्हा म्हणाली. "आतना." मागे माणसं खोळंबली होती, म्हणून मी तिच्याशी इतर पेशंटशी बोलते तसं शुद्ध बोलत होते. "बरं, आपण सगळं तपासू," म्हणाले.

सगळं म्हणजे खरंच सगळं तपासलं. रक्त, साखर, मूत्रपिंड, लघवी, जे जे आमच्याकडे होत होतं ते. डॉक्टरांनी तिला आत घेऊन छातीची ईसीजीची पट्टी काढली, पोट दाबून बघितलं, डोळ्यांत बॅटरी मारली. ती दुपारपर्यंत माझ्या मागच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसून राहिली. रिपोर्ट लिहिता लिहिता माझा जीव हलका होत गेला. एकही आकडा इकडचा तिकडे नव्हता. तिचं रक्त तर मी तपासलेल्या तिच्या सगळ्या रक्तांत उत्तम होतं. डॉक्टर म्हणाले, "म्हातारीला जपायला हवं कुणीतरी, बाकी काही नाही. एकटं वाटत असेल." मी तिच्यासमोर कागद धरला आणि हसत म्हटलं, "मावशी, तुझं रक्त माझ्यापेक्षा चांगलं आहे. तुला काहीही झालेलं नाही."

तिनं कागद हातात घेतला. या वेळी उलटा-सुलटा केला नाही, नुसता धरला. "मंग मी बरी हाय?" तिनं विचारलं.

"हो. एकदम."

"बरा," ती म्हणाली.

मी तिला वरशाला घरी चल म्हणून आग्रह केला. ती म्हणाली, पापडांचा सीझन आहे, काकूंना दिवस मोडलेला चालत नाही. मी तिला स्टँडवर सोडायला गेले. उसाचा रस घेतला, तिनं अर्धा पेला माझ्या पेल्यात ओतला. एसटीत खिडकीशी बसल्यावर ती गजांतून माझ्याकडे बघत होती. तिच्या त्या चेहऱ्याचा मी किती वेळा विचार केला असेल. ती निश्चिंत झाली होती का? की मी तिचं ऐकलंच नाही हे तिला समजलं होतं आणि ती मला सांभाळून घेत होती? मला नाही सांगता येत. तिनं हात हलवला एवढं नक्की.

अठराव्या दिवशी सकाळी ती चहा पिऊन पापडाच्या पाटावर बसली, दहा-बारा लाटले, आणि शेजारच्या बाईला "जरा टेकते" म्हणून भिंतीला पाठ लावली. काकूंनी हाक मारली, तिनं ओ दिली नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वय लिहिलं, हृदय लिहिलं. मी त्यांना म्हटलं की हृदयाची पट्टी तर चांगली होती. ते चांगले गृहस्थ होते, म्हणाले, "बाई, पट्टी त्या दिवसाची असते." तेवढ्यावर माझं समाधान व्हायला हवं होतं. मी स्वतः पेशंटला हजार वेळा सांगितलंय की रिपोर्ट त्या सकाळचा असतो. पण मग मावशी जे सांगत होती ते कुठल्या दिवसाचं होतं? तिला काय कळलं होतं? जन्मभर रक्त नसताना ती म्हणाली बरी आहे, आणि मी म्हटलं नाहीस. रक्त भरल्यावर म्हणाली बरी नाही, आणि मी म्हटलं आहेस. दोन्ही वेळा मी कागद दाखवला. दोन्ही वेळा कागद खरा होता, मी तो तीन-तीनदा तपासला होता...

तेराव्याला रामवाडीत गेले तेव्हा पापडवाल्या काकूंनी मला बाजूला घेतलं. त्यांना वाटलं मला ऐकून बरं वाटेल. "रोह्याहून आली ना, त्या दिवसापासून माणूस बदललं हो," त्या म्हणाल्या. "आधी महिनाभर गप्प गप्प असायची. आल्यावर सगळ्यांना सांगत सुटली, माज्या भाचीनं रगात वाचलं, मी बरी हाय. दुप्पट लाटायला लागली. मी म्हणायची, भागाबाई, उठा आता, तर म्हणायची, मना काय झालाय?" आणि अनंतानं सांगितलं की त्या दिवसांत ती एकदा गावी जाऊन आली, बंद पडलेल्या मिठागराच्या बांधावरून चालली, सुमतीच्या पोराला बघून आली, येताना खाडीतले मासे, निवट्या, घेऊन आली आणि स्वतः रांधून पोटभर जेवली. "लय दिवसांनी हसत होती," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात मला दोष दिल्यासारखं काही नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं.

मी तिथून आले तेव्हापासून दोन गोष्टी तराजूत घालून बघतेय. मी "बरी आहेस" म्हणाले म्हणून ती दुप्पट राबली आणि लवकर गेली, असं एकदा वाटतं. मग वाटतं, तसं म्हणाले नसते तर ते अठरा दिवस ती खोलीत पडून, वर बघत, भिऊन काढती. निवट्या खायला गावी गेली नसती. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, तू उगाच डोकं शिणवतेस, तिची वेळ झाली होती. डॉक्टर म्हणाले, वैद्यकीयदृष्ट्या आपण काही चुकलो नाही. दोघंही बरोबर असतील. पण मला राहून राहून वाटतं, त्या दिवशी स्टुलावर बसून ती "आतना" म्हणाली तेव्हा मी हातातली सुई खाली ठेवून, गावच्या भाषेत, आणखी एकदा विचारायला हवं होतं. काय सांगितलं असतं तिनं, कुणास ठाऊक. कदाचित काहीच नाही.

हल्ली मला एक खोड लागली आहे. वयस्कर माणूस समोर बसलं की सुई टोचायच्या आधी मी विचारते, "तुम्हाला स्वतःला कसं वाटतंय?" आणि ते जे म्हणतील ते फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवते. डॉक्टरांनी परवा एक फॉर्म उलटा करून बघितला आणि विचारलं, हे कशासाठी? मी पुढचं नाव पुकारलं. बहुतेक जण "बरा हाय", "बरी हाय" एवढंच सांगतात, आणि मी तेवढंच लिहिते. या कागदांचं पुढे काय करायचं तेही मला माहीत नाही. ते रिपोर्टबरोबर पेशंटच्याच घरी जातात.

काल गागोद्याकडचे एक आजोबा आले होते. मुलीकडे रोह्याला आलेले, मजुरी करून हात लाकडासारखे झालेले. मुलगी म्हणाली, काही होत नाही त्यांना, उगाच आपलं एकदा तपासून घेते. मी त्यांच्या दंडाला रबरी नळी बांधली आणि विचारलं. "बरा हाय," ते म्हणाले. मी पेन्सिल घेतली, लिहायला लागले, आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "बरा म्हंजे कसा, बाबा?"

मुलगी हसली. आजोबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. "आसा कुनी इचारला नाय कदी," ते म्हणाले. "थांब, बगून सांगतो." आणि त्यांनी डोळे मिटले.

मी त्यांच्या दंडाची नळी सोडली. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती. मी बसून राहिले.